एआय सहायकाची स्मृती घरच्या मशीनवर: मराठी टिपांचा शोध सुधारला

मुंबई लोकलच्या वेळापत्रकाच्या ॲपसाठी कोडिंग असिस्टंट वापरला की दर सत्राला तेच नियम पहिल्यापासून सांगावे लागतात. म्हणून टिपा लॅपटॉपवरच साठवणारा छोटा एमसीपी सर्व्हर (असिस्टंटला बाहेरच्या साधनांशी आणि माहितीशी जोडणारा प्रोग्राम) चालू केला आहे. मांडणी साधी आहे: एसक्यूलाइट या डेटाबेसची एकच फाइल, शब्दशोधासाठी त्यातलंच एफटीएस५, अर्थावरून शोधण्यासाठी एसक्यूलाइट-व्हेक हे एक्स्टेन्शन, आणि एम्बेडिंगसाठी (मजकुराचा अर्थ आकड्यांच्या यादीत, म्हणजे व्हेक्टरमध्ये, उतरवण्यासाठी) बीजीई-एम३ हे मॉडेल, जे ओलामा हा प्रोग्राम लॅपटॉपवरच चालवतो. १६ जीबी रॅम पुरते.

टीप कशी असावी, याचा एक नमुना: ‘मध्यरात्रीनंतर सुटणारी कर्जत लोकल आदल्या सेवादिवसाची. जीटीएफएसमध्ये (वेळापत्रकांच्या प्रमाण फाइल-स्वरूपात) वेळ २५:१०:०० अशीच ठेवायची, ०१:१०:०० करायची नाही. नाहीतर गाडी २४ तास आधी दिसते.’ कारण सोबत असलं की असिस्टंट ती वेळ ‘दुरुस्त’ करायला सहसा जात नाही. संपूर्ण संभाषणं साठवू नका. शोधात त्यांचाच गाळ वर येतो.

या खेपेचं खरं काम मराठी शोधाचं होतं. एफटीएस५चा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग), युनिकोड६१, अक्षरं आणि अंक एवढ्यांनाच शब्दाचा भाग मानतो. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त हे युनिकोडच्या ‘मार्क’ वर्गात मोडतात, त्यामुळे तिथे शब्द तुटतो. ‘वेळापत्रक’चे व, ळ, पत, रक असे तुकडे होतात. ‘फेरी’, ‘फार’ आणि ‘फिरू’ या तिघांचंही फ, र एवढंच उरतं. म्हणजे फेरी शोधली की ‘फार’ असलेली प्रत्येक टीप हाती येते. उपाय टोकनायझरच्या ‘कॅटेगरीज’ पर्यायात आहे: मूळ यादीत मार्क वर्ग जोडायचा. टेबल मात्र पाडून नव्याने बनवावं लागतं, नुसत्या ‘रीबिल्ड’ने टोकनायझर बदलत नाही.

‘येणाऱ्या’सारख्या शब्दांची आणखी एक मेख आहे. काही कीबोर्ड त्यातला अर्धा र नुक्त्याच्या ऱ ने लिहितात, काही साध्या र ला हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) लावून. एनएफसी (युनिकोडचं प्रमाणीकरण) केलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत. साठवताना आणि शोधताना, दोन्हीकडे दुसरं रूप पहिल्यात बदलून घ्या.

विभक्तीचा प्रश्न उरतोच. ‘गाडी*’ने (‘गाडी’पासून सुरू होणारं काहीही) ‘गाडीला’ सापडतं, ‘गाड्या’ नाही. तिथे व्हेक्टर शोध कामी येतो. शब्दशोध आणि व्हेक्टर शोध यांच्या दोन्ही याद्या क्रमांकावरून एकत्र करायच्या: प्रत्येक यादीत १/(६० + क्रमांक) असे गुण द्यायचे आणि बेरीज करायची. दोन्ही शोधांचे मूळ गुण थेट मिसळू नका. एफटीएस५चा बीएम२५ आकडा (शब्द किती जुळले याचे गुण) ऋण असतो आणि जितका लहान तितका चांगला.

बीजीई-एम३चा व्हेक्टर १०२४ मितींचा, म्हणजे टिपेमागे ४ केबी. दहा हजार टिपांना ४० एमबी. इतक्यासाठी वेगळा व्हेक्टर डेटाबेस आणू नये असं आमचं ठाम मत आहे. प्रत्येक ओळीत मॉडेलचं नाव ठेवा, कारण मॉडेल बदललं की सगळे व्हेक्टर नव्याने काढावे लागतात. ओलामा पाच मिनिटं रिकामं राहिलं की मॉडेल मेमरीतून काढून टाकतं, म्हणून त्यानंतरचा पहिला शोध रेंगाळतो. आणि एसटीडीआयओवर (स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवर) चालणाऱ्या सर्व्हरमध्ये एकही ‘प्रिंट’ नको: स्टँडर्ड आउटपुटवर असिस्टंटसाठीचे जेसन-आरपीसी संदेश वाहत असतात, मधली एक ओळही जोडणी बिघडवते. लॉग एसटीडीएररवर (चुकांसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर) पाठवा.

खासगीपणाबद्दल स्पष्ट असावं. फाइल मशीनवरच राहते, पण असिस्टंटचं मॉडेल क्लाउडवर असेल तर शोधातून वर आलेली टीप प्रॉम्प्टसोबत बाहेर जातेच. म्हणून पासवर्ड आणि एपीआय की लिहिण्याआधीच गाळायच्या, वाचताना नव्हे. बॅकअप एसक्यूलाइटच्या ‘व्हॅक्यूम इंटू’ आज्ञेने घ्या, वॉल मोडमध्ये (यात नव्या नोंदी आधी वेगळ्या फाइलमध्ये जातात) चालू डेटाबेसची फक्त मुख्य फाइल कॉपी केली तर ताज्या नोंदी सुटू शकतात.

पुढचं काम जुन्या टिपा बाद करण्याचं. वेळापत्रक बदललं की जुना नियम पुसायचा नाही, त्याला ‘कोणत्या टिपेने बदलला’ असा दुवा जोडायचा आणि शोधातून वगळायचा. तो कॉलम जोडला आहे, चाचण्या बाकी आहेत.