कन्फाइनमेंट

आईच्या जुन्या ट्रंकेत माझ्या जन्माच्या वेळचा केसपेपर सापडला. वर लिहिलेलं, ‘ईडीसी’. डॉक्टर मैत्रीण म्हणाली, एस्टिमेटेड डेट ऑफ कन्फाइनमेंट. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढलेली तारीख. कन्फाइनमेंट म्हणजे बाळंतपण! मला कोंडून ठेवणं एवढाच अर्थ माहीत. मुळात लॅटिन ‘फिनिस’, म्हणजे हद्द. जुन्या इंग्लंडातल्या खात्यापित्या घरची बाळंतीण कित्येक आठवडे खोलीतच असे. आपल्याकडेही सव्वा महिना, शेक-शेगडी, कानाला रुमाल होतंच की. पण आजी शेजारणीला सांगायची, “सून मोकळी झाली हो!” मोकळी. किती मायेचा शब्द आहे हा. आणि ‘डिलिव्हरी’च्या मुळाशीही लॅटिनमधलं मुक्त करणंच आहे.