मुलगी, नाव नाही

आजींचा थोरला मुलगा १९६२ सालचा. आणि पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, आजींची जन्मतारीख १ जानेवारी १९५४. कागद खरा धरायचा तर आजी आठव्या वर्षी आई झाल्या. मुलाचा दाखला आणि पीपीओ एकाच फाइलला एकाखाली एक लावलेले होते, तरी दुरुस्तीचा अर्ज दोनदा परत आला. शेरा एकच, जन्मतारखेचा सबळ पुरावा जोडावा.

तो पुरावा शोधत आजी आणि त्यांचा नातू २०२५ च्या फेब्रुवारीत माझ्या टेबलापाशी आले.

मी सांगली जिल्ह्यात एका तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कारकून आहे. लोक रेकॉर्ड रूमच म्हणतात. नकलेचे अर्ज घ्यायचे, रुमाल सोडून गठ्ठ्यातलं पान शोधायचं आणि खरी नक्कल करून द्यायची, हे माझं काम. पुराभिलेख विभागाच्या वर्गात मी मोडी शिकले, म्हणून जुनी कामं फिरून फिरून माझ्याकडेच येतात.

आजींचे मालक मराठा लाइट इन्फंट्रीत होते. सासर खटाव तालुक्यातलं. मालक २०१५ ला वारले आणि आजींना कुटुंबनिवृत्तीवेतन सुरू झालं. आजी शाळेत कधी गेल्याच नाहीत. शाळेत गेलेल्यांना निदान गुरुजींनी लावलेली १ जून तरी मिळाली, आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस त्या दिवशी असतो. आजींच्या वाट्याला आधारच्या शिबिरातली १ जानेवारी आली. तिथं कुणीतरी अंदाजानं वय सांगितलं, यंत्रात साल बसलं आणि दिवस-महिना आपोआप एक-एक झाला. तीच तारीख पुढं पेन्शनच्या कागदावर उतरली. कित्येक वर्षं त्याचं कुणालाच काही वाटलं नाही, कारण पैसे वेळेवर येत होते.

हयातीचा दाखला द्यायला गेल्यावर आजींना कळलं, की गावातल्याच दुसऱ्या एका फौजीच्या बायकोला ऐंशी पूर्ण झाल्यावर वाढीव पेन्शन लागली. "ती माज्या मागनं नांदाय आली," आजी मला म्हणाल्या. "तिला ऐंशी, मग मला किती?"

प्रश्न सरळ होता. केंद्राच्या नियमाप्रमाणं ८० पूर्ण झाली की मूळ रकमेवर २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला दुप्पट. विधवेलाही हेच लागू. मूळ रक्कम अगदी किमान ९००० धरली तरी २० टक्के म्हणजे महिन्याला १८००, वर महागाई भत्ता वेगळा. १९५४ ची तारीख राहिली असती तर आजींना यासाठी २०३४ ची वाट बघावी लागली असती. म्हणून सेवानिवृत्त जवानांना माझं कळकळीचं सांगणं आहे, तुम्ही हयात आहात तोवर पीपीओवरची बायकोची जन्मतारीख एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. तुमच्यामागं ती दुरुस्त करायला तिला किती दारं हिंडावं लागतं ते मी बघितलंय.

नातू आधी साताऱ्याला जाऊन आला होता. आजी सांगायच्या, माहेर खानापूर तालुक्यात, जिल्हा सातारा. त्यांचं काही चुकत नव्हतं. १९४९ मध्ये जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळालं. आजी जन्मल्या तेव्हा सगळा सातारा जिल्हाच होता. माहेरी विचारावं असं कुणी उरलं नव्हतं. दोन्ही भाऊ गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात तमिळनाडूत गेले, तिकडंच वारले. घराला कुलूप, अंगणात बाभळी.

मी आधी फेरफार काढला, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद. आमच्या कामात हा एक आडवाटेचा रस्ता आहे, फार लोकांना ठाऊक नसतो. बाप वारल्यावर जमिनीला वारस लागतात, त्या नोंदीत पुष्कळदा वारसांची वयं लिहिलेली असतात. १९७४ च्या फेरफारात सापडलं, मुलगा वय ३८, मुलगा वय ३५, मुलगी वय ३०, राहणार तालुका खटाव. तिच्यापुढं आजींचं माहेरचं नाव. म्हणजे जन्म १९४४ च्या आगेमागे. पण तलाठ्यानं लिहिलेलं वय म्हणजे तारीख नव्हे.

मग कोतवाल बुकं. गाव नमुना नंबर १४, गावच्या जन्ममृत्यूची नोंदवही. २०२३ च्या शेवटी कुणबी नोंदी शोधताना आमच्याकडचे सगळे जुने गठ्ठे सोडून, झटकून, गाववार लावले गेले, म्हणून त्या गावची बुकं पाच मिनिटांत हाती आली. एरवी दोन दिवस गेले असते. पानं तपकिरी, कडा बिस्किटासारख्या मोडणाऱ्या. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ बघत नाहीत. या पाटलाची लेखणी जाड होती आणि हात घाईचा. पण बापाचं नाव, आज्याचं नाव, जात, मुलगा की मुलगी, सगळं जागच्या जागी होतं. बाळाचं नाव तेवढं नव्हतं. बारशाआधीच नोंद व्हायची, त्यामुळं त्या रकान्यात बहुतेकदा काहीच नसतं.

पहिली नोंद सापडली ती ३ फेब्रुवारी १९४१ ची. बाप तोच, आजा तोच. मुलगी.

नातवाचा चेहरा उजळला. "मॅडम, हीच आमची आजी! मग ऐंशी २०२१ लाच झाली की. चार वर्षांच्या पेन्शनचा फरक मिळंल." त्याला मी दोष देत नाही. मुंबईची रोजंदारी बुडवून तो पोरगा दोन वर्षं हेलपाटे घालत होता. आणि नियमानं बघितलं तर त्यानं त्या नोंदीची नक्कल मागितली असती तर मला द्यावी लागली असती. कुठली नोंद कुणाची हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही.

पण १९७४ ला ३० वर्षांची बाई १९४१ ला कशी जन्मेल? तीन वर्षांचा फरक एरवी मी सोडून दिला असता, वयं अशीच लिहितात. मात्र भावांची वयं मी त्यांच्या जन्मनोंदींशी ताडून बघितली होती आणि ती बरोबर जुळत होती. ज्यानं दोघांची बरोबर लिहिली तो तिसरीची का चुकवेल? नातवाला म्हटलं, "थांब जरा, अजून थोडी पानं बघते."

मी मृत्यूची पानं उलटली. जून १९४२. तोच बाप, तोच आजा. मुलगी, वय १ वर्ष ४ महिने. कारणाच्या रकान्यात एकच शब्द, देवी. त्या पानावर तो शब्द सात वेळा होता.

मी बोट ठेवलं ते उचललंच नाही. नातवानं विचारलं, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. तो गप्प झाला. पुन्हा चार वर्षांच्या फरकाचं नाव त्यानं काढलं नाही, हे मला इथं लिहिलंच पाहिजे.

पुढचं पान चाळत चाळत १९४४ च्या बुकात आले. २६ ऑगस्ट १९४४. मुलगी. त्यानंतर त्या घरात मुलीची नोंद नाही, ना जन्माची, ना मृत्यूची. मी आजींना विचारलं, "तुमच्या आई काही सांगायच्या का, कुठल्या दिवसांतला जन्म?"

"गौरी घरात हुत्या म्हनायची. निवद राह्यला आन् मी झाले."

मी मोबाइलवर जुनं पंचांग काढलं. त्या वर्षी गणपती ऑगस्टमध्येच बसले होते.

पुढचं थोडक्यात सांगते. जन्मनोंद, आधीच्या मुलीची मृत्यूनोंद आणि वारसाचा फेरफार, तिन्हींच्या खऱ्या नकला, मोडीचं देवनागरी लिप्यंतर आणि आजींचं प्रतिज्ञापत्र अशी फाइल फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसकडं गेली, तिथून प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाला. यावेळी परत आली नाही. पावसाळ्यात नातवाचा फोन आला, तारीख दुरुस्त झाली, वाढ १ ऑगस्ट २०२४ पासून धरली आणि मागचा फरकही जमा झाला.

त्या दुपारी मात्र नकलांचं सगळं ठरल्यावरही आजी उठल्या नाहीत. नातू कोर्ट फी स्टॅम्प आणायला खाली गेला होता. आजींनी ते १९४२ चं पान परत उघडायला लावलं. "कुटं हाय?" म्हणाल्या. मी ओळ दाखवली. त्यांना वाचता येत नाही, आणि मोडी तर शिकलेल्यांनाही येत नाही. तरी पानाला हात न लावता बराच वेळ बघत राहिल्या.

"माज्या आदी एक झालती एवडंच ठावं हुतं. आय बोलायची न्हाई. गौरीम्होरं बांगड्या ठिवायची, त्यात एक बारकी असायची, तान्ह्या पोरीच्या मापाची. इचारलं तर म्हनायची, ऱ्हाऊ दे." थोड्या वेळानं म्हणाल्या, "हिची अजून एक नक्कल दे. ती कचेरीत नगं जायला. माज्यापाशी ऱ्हाईल."

मी वेगळा अर्ज घेतला. आमच्या अर्जात एक रकाना असतो, नक्कल कशासाठी हवी. पहिल्या अर्जात मी 'पेन्शन दुरुस्तीकामी' असं लिहिलं होतं. या अर्जापाशी पेन थांबला, म्हणून आजींनाच विचारलं, काय लिहू?

"लिव, भनीची हाय म्हनून."

मी तेच लिहिलं.