मांडवा ते रत्नागिरी सायकलवर, आणि ती ३,८०० रुपयांची शॉर्ट्स

"सवय होईल." हे दोन शब्द मला सहा दिवसांत किमान चाळीस वेळा ऐकवले गेले, तेही तीन पुरुषांकडून (नवरा आणि त्याचे ऑफिसातले दोन मित्र). तिघांनाही माझं नेमकं काय आणि कुठे दुखतंय याची कल्पना नव्हती आणि मी पण पहिले दोन दिवस लाजेकाजेस्तव सांगितलं नाही. म्हणून सीटवर बसून होणाऱ्या या काचण्याबद्दल लिहितेय. सगळ्या बायांनी वाचा, पुरुषांनी पण वाचा, कारण निम्म्या चुका तुमच्याही होतात, फक्त तुम्ही कबूल करत नाही.

रूट सगळ्यांना माहितीये. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या-सायकली चढवता येणाऱ्या फेरीबोटीने) मांडवा, मग अलिबाग, रेवदंडा, मुरूड, आगरदांड्याची फेरी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याची फेरी, हर्णै, दाभोळची फेरी, गुहागर, तवसाळची फेरी, जयगड, गणपतीपुळे, आरे-वारे करून रत्नागिरी. डिसेंबर. रोज पन्नास ते सत्तर किलोमीटर. ज्यांना चढ झेपतात त्यांना झेपेल, त्यावर मी काही लिहिणार नाही, समुद्राचे फोटो पण बाकीचे टाकतीलच.

मुद्दा शॉर्ट्सचा. निघायच्या आधी आठवडाभर मी एका दुकानात गेले (नाव लिहित नाही), तिथल्या मुलाने माझ्याकडे न बघता, म्हणजे अक्षरशः भिंतीकडे बघत, एक पॅडेड शॉर्ट्स (सायकलवर बसायला बुडाखाली गादी शिवलेली) काढून दिली. जाडजूड जेल पॅड, ३,८०० रुपये. "मॅडम, युनिसेक्स आहे, जितकं जाड तितकं चांगलं." मी विचारलं आत काय घालायचं, तर म्हणाला नेहमीचंच घाला. वर ९०० रुपयांचं सीटवर चढवायचं जेल कव्हर पण गळ्यात मारलं. म्हणजे कव्हर, पॅड आणि आत कॉटनची निकर, असा तीन मजली बंगला घेऊन मी मांडव्याला उतरले.

यातलं प्रत्येक वाक्य चुकीचं होतं. एकेक घेते.

आत काही घालायचं नसतं. काहीही नाही. पॅडेड शॉर्ट्स हीच आतली वस्तू आहे, पॅडला मध्ये शिवण नसते ती याचसाठी. आपण आत निकर घातली की तिची शिवण आणि इलॅस्टिकचा काठ नेमका मांडी आणि बूड जिथे मिळतं तिथे येतो, कॉटन घाम धरून ठेवतं, आणि तासाला चार-पाच हजार वेळा पाय वरखाली होणार, त्या प्रत्येक वेळी तो काठ घासतो. पहिल्या संध्याकाळी मुरूडला मी बाथरूममध्ये आरशात वळून बघितलं तर दोन्ही बाजूला इलॅस्टिकची लाल रेघ, पट्टीने मारल्यासारखी, उजवीकडे जास्त. त्यावर पाणी पडलं तेव्हा जे ओरडले ते बाहेर व्हरांड्यात ऐकू गेलं. नवऱ्याचा प्रश्न: "झुरळ आहे का?"

जाड म्हणजे चांगलं, हेही खोटं. आपण बसतो ते दोन हाडांवर. जाड मऊ गादीत ती हाडं रुततात आणि मधली गादी वर येऊन नाजूक भागावर दाब देते, मुंग्या येतात त्या यामुळे. पॅड घट्ट, दाट फोमचं हवं, दाबलं की लगेच परत फुलणारं, आणि सीटवरचं जेल कव्हर तर सरळ फेकून द्या. मी मुरूडच्या लॉजवरच सोडून आले, कोणीतरी त्याची उशी केली असेल.

युनिसेक्स तर शुद्ध थाप आहे. पुरुषांचं पॅड पुढे लांब आणि मागे अरुंद असतं, बायकांचं मागे रुंद आणि पुढे आखूड, कारण आपली बसायची हाडं बहुतेक वेळा एकमेकांपासून जास्त अंतरावर असतात. घरी मोजता येतं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा टणक खुर्चीवर ठेवायचा, त्यावर थोडं पुढे वाकून दोन मिनिटं बसायचं, उठून बघायचं, दोन खळगे पडतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं. माझं साडेतेरा सेंटिमीटर आलं आणि त्या ३,८०० च्या पॅडचा जाड भाग त्याच्या आतच संपत होता, म्हणजे माझी दोन्ही हाडं पॅडच्या काठावर बसत होती. हे मला परत आल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर.

आता दुसरा दिवस. फेरी, दिवेआगर ते श्रीवर्धन समुद्राकाठचा रस्ता, छान आहे, पुढे जाऊ. चूक सांगते. माझ्याकडे शॉर्ट्स एकच होती. (हसा.) रात्री धुतली, बाहेर दोरीवर घातली, कोकणात डिसेंबरात रात्री दंव पडतं आणि हवा खारट, सकाळी शॉर्ट्स होती त्यापेक्षा ओली. कापड वाळतं हो, पॅड वाळत नाही. तशीच घातली. शिवाय फेरीच्या रांगेत तासभर त्याच ओल्या पॅडवर कट्ट्यावर बसून वडापाव खाल्ला. घाम, ओल, ऊब, अजून काय पाहिजे. हरिहरेश्वरला पोचेपर्यंत त्या लाल रेघेवर तीन पुळ्या, त्यातली एक चांगला केसतोड व्हायच्या बेतात.

आणि मग तिसरा दिवस, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय. बागमांडल्याच्या फेरीतून पलीकडे वेश्वीला उतरल्यापासून आंजर्ल्यापर्यंत. अंतर काही नाही, हर्णैपर्यंत धरून पन्नासच्या आसपास असेल, पण आम्ही गेलो तेव्हा मधले पट्टे उखडून खडी टाकून ठेवलेली, जिथे डांबर तिथे खड्डे, आणि सतत चढ-उतार, एक खाडी ओलांडली की डोंगर, डोंगर उतरला की परत खाडी. चढावर मी सीटवर चिकटून बसत होते कारण उभं राहून मारायची ताकद नव्हती, उतारावर खड्डे म्हणून धाडधाड आपटत होते, आणि पेडलच्या दर फेऱ्याला ती उजवी बाजू. एका चढावर मी उतरले आणि सायकल हातात धरून चालले तर चालतानाही काचत होतं. रडले. खरंच रडले, एका आंब्याच्या बागेच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) टेकून, आणि तेवढ्यात नवऱ्याचा मित्र मागून आला आणि म्हणाला, "वहिनी, तिसऱ्या दिवशी होतंच असं, सवय होईल."

तर नीट ऐका. दुखणं दोन प्रकारचं असतं. हाडांवरचं बोथट दुखणं, बसून बसून आलेलं, त्याची सवय होते, चार-पाच राइडमध्ये जातं. कातडी सोलवटल्याची जी आग होते तिची सवय कधीच होत नाही, ती रोज वाढते. हे दोन वेगळे ओळखा आणि दुसरं असेल तर त्याच दिवशी थांबा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

हर्णैला ज्या खानावळीत उतरलो तिथल्या काकूंनी मला जिना चढताना बघितलं आणि सरळ आत बोलावलं. काय झालं विचारलं, मी सांगितलं, त्या म्हणाल्या, "अगो, दोन-दोन कशाला घालतेस एकावर एक, काचणारच." झालं. ३,८०० च्या दुकानात जे कळलं नाही ते खानावळीत फुकट. कोमट पाण्याने धुवायला लावलं, कोरडं टिपायला लावलं, एक सुती जुना परकर दिला आणि म्हणाल्या आत काही न घालता हा गुंडाळून पंख्याखाली पालथी पड. संध्याकाळी दापोलीहून झिंक ऑक्साइडवालं मलम मागवलं, लहान बाळांच्या लंगोटाच्या पुरळावर लावतात तेच. पुळी फोडायची नाही हे मला माहीत होतं. वाढत गेली, गरम लागली किंवा ताप आला तर डॉक्टर, तिथे हिरोगिरी नको.

चौथ्या दिवशी मी सायकल चालवलीच नाही, पालथी पडून होते. पाचव्यापासून जे केलं ते असं आणि ते चाललं.

आत काही नाही. शॉर्ट्स घालताना पॅड वर ओढून अंगाला पूर्ण चिकटवायचं, मध्ये पोकळी किंवा सुरकुती राहता कामा नये. उभं राहिल्यावर लंगोट बांधल्यासारखं विचित्र वाटणारच, दुकानात ट्रायल घेताना सायकलवर वाकतो तसं वाकून बघा. काचतं तिथे निघताना बोटभर व्हॅसलीन, आणि तासा-दोन तासाने परत. शॅमी क्रीम मिळालं तर उत्तम (पूर्वी हे पॅड खऱ्या कातड्याचं असायचं, शॅमी नावाच्या डोंगरी प्राण्याच्या, ते मऊ ठेवायला क्रीम लागायचं, नाव तेवढं राहिलं). पण डबीवर मेंथॉल लिहिलेलं नाही ना बघा. नवऱ्याच्या दुसऱ्या मित्राने ते लावलं होतं आणि गुहागरच्या चढावर त्याचा चेहरा बघून माझा अर्धा राग गेला. पावडर लावू नका, घामात गोळे होतात आणि तेच काचतात.

दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभं राहायचं, वीस सेकंद, रक्त फिरतं. खड्डा दिसला की बूड उचला, गुडघे वाकवा. आणि एकाच बाजूला लागत असेल तर सीटची उंची बघा. माझी जास्त होती, नवऱ्याने "पाय सरळ व्हायला पाहिजे" म्हणून चढवलेली, त्यामुळे कंबर डावी-उजवी डुलत होती. सेंटिमीटरभर खाली घेतल्यावर उजवी बाजू शांत झाली. तिसऱ्या दिवशी केलं असतं तर तो गडगा टळला असता.

पोचल्या पोचल्या पहिली गोष्ट शॉर्ट्स काढणे. चहा नंतर. मग साध्या साबणाने उलटी करून धुवायची, कम्फर्टसारखं काही नको, पिळायची नाही, कोरड्या टॉवेलात गुंडाळून त्या टॉवेलवर उभं राहायचं, निम्मं पाणी टॉवेल पितो. मग पॅड बाहेर करून पंख्याखाली. लाइट गेली तर नशीब, म्हणून कमीत कमी दोन शॉर्ट्स, या रूटला मी तर तीन म्हणेन. बाहेर दोरीवर रात्रभर अजिबात नाही.

बायकांसाठी अजून दोन. बिब घेऊ नका, म्हणजे खांद्यावर पट्टे असलेली. पुरुष तिचं फार कौतुक करतात, आपल्याला मात्र रस्त्यात कुठेही जायचं तर बहुतेक बिबमध्ये सगळं वरून काढावं लागतं, आणि या रूटला आडोसा मिळायलाच मारामार आहे. आणि निघायच्या आदल्या दिवशी वॅक्सिंग-शेव्हिंग नको, केस तिथे घर्षण कमी करायलाच असतात. ब्रिटनच्या महिला सायकलिंग टीमनेसुद्धा २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या आधी ते बंद केलं होतं, त्यांना फोड येतच होते म्हणून. एक जुनी सुती ओढणी ठेवा, हेदवीला आणि गणपतीपुळ्याला देवळात जाताना कमरेला गुंडाळायला, टपरीवर थांबलो की लोक बघतात तेव्हाही.

गुहागर ते गणपतीपुळे दिवस मस्त गेला, सांगण्यासारखं काही नाही. आरे-वारेचा चढ उभं राहून मारला.

परत आल्यावर बायकांची शॉर्ट्स घेतली, साधी, १,७०० ला, आतापर्यंत हजारभर किलोमीटर झाले आणि एक रेघ नाही. दुकानदाराने जुनी परत घेतली नाही, वापरलेली परत घेत नाहीत हे ठीकच आहे. ती आता नवरा घालतो. त्याला अगदी बरोबर बसते.