इंदूर ते गुलमर्ग: धूर कमी, कुरकूरही कमी

इंदूरहून काश्मीरमधल्या गुलमर्गला बर्फाच्या सहली नेणाऱ्या आयोजकांसाठी हे टिपण: प्रवासाचा धूर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, कमी कसा करावा. आधी हिशेब. इंदूर-दिल्ली-श्रीनगर असं विमानानं गेलं तर एका बाजूचं अंतर साधारण 1,300 किमी होतं. भरलेल्या विमानात माणशी दर किलोमीटरला 100 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर जाऊन-येऊन 260 किलो. तोच प्रवास रेल्वेनं केला तर अंतर वाढून एका बाजूचं 1,800 किमीच्या आसपास जातं. विजेवरच्या रेल्वेगाडीसाठी आम्ही माणशी दर किलोमीटरला 15 ग्रॅम धरतो. जाऊन-येऊन 54 किलो. आकडे थोडे इकडे-तिकडे केले तरी चौपट-पाचपट फरक राहतोच. हॉटेलातल्या प्लास्टिकच्या बाटल्यांवर तासभर चर्चा करणाऱ्या आयोजकांनी हे दोन आकडे आधी शेजारी-शेजारी मांडावेत.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "दीड दिवस गाडीत कोण बसणार?" आमचं मत असं, की लोक गाडीत बसण्याला कंटाळत नाहीत, गाडी बदलण्याला वैतागतात. सामान उतरवा, थंडीत उभे राहा, चहा शोधा, आजींना स्वच्छ शौचालय शोधून द्या, ड्रायव्हरला फोन लावा. सहलीनंतरच्या तक्रारी याच चार-पाच ठिकाणच्या असतात. तेवढी ठिकाणं नीट बसवली की बाकी प्रवासात पत्ते आणि गप्पा पुरतात.

इंदूरकरांचं नशीब असं, की महूहून सुटणारी मालवा एक्सप्रेस इथून थेट वैष्णोदेवीच्या पायथ्याशी, कटऱ्याला जाते. उज्जैन, भोपाळ, ग्वाल्हेर, दिल्ली, अंबाला, जम्मू; मध्ये कुठेही गाडी बदलायची नाही. वाटेत ग्वाल्हेरची पाहुणे मंडळीही त्याच डब्यात चढू शकतात. पुढे कटरा ते श्रीनगर हे 190 किमी जून 2025 पासून वंदे भारतनं जमतात आणि तीनेक तास लागतात. चिनाबवरचा 359 मीटर उंच पूल याच वाटेवर आहे, त्यामुळे हा टप्पा "प्रवास" म्हणून विकूच नका. कार्यक्रमपत्रिकेत तो दिवसाचं स्थळदर्शन म्हणून लिहा. थंडीसाठी या गाडीत शौचालयाच्या नळांना आणि चालकाच्या काचेला तापवण्याची सोय आहे, हे ज्येष्ठांना आवर्जून सांगा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे मालवा आणि वंदे भारत एकाच दिवसात जोडायला जाणं. डिसेंबर-जानेवारीत दिल्ली-अंबाला पट्ट्यात धुकं असतं आणि गाडी तासन्‌तास उशिरा धावते. कटऱ्याला एक रात्र मुक्काम ठेवायचाच आणि श्रीनगरची गाडी दुसऱ्या दिवसाची धरायची. आणखी एक दिवस वाढवला तर वैष्णोदेवीचं दर्शन होतं. बर्फाशी काही देणंघेणं नसलेले काका-काकूसुद्धा मग सहलीला तयार होतात. या एका दिवसामुळे बुकिंग वाढतं आणि धूर जवळपास वाढत नाही.

आरक्षण 60 दिवस आधी खुलं होतं. 8 फेब्रुवारीला निघायचं तर 10 डिसेंबरला सकाळी कामाला लागायचं. एका पीएनआरवर, म्हणजे एका तिकीट क्रमांकावर, सहाच माणसं बसतात, म्हणून बारा जणांच्या गटाचे दोन भाग आधीच पाडा. कुटुंबं तोडू नका, आणि खालचा बर्थ ज्यांना हवा त्यांचं वय अचूक भरा. कटरा स्टेशनवर सुरक्षा तपासणी कडक असते. ओळखपत्र वरच्या खिशात, फळं कापायचा चाकू घरी. आणि प्रीपेड सिम! बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडच चालतं. मोबाइलमधली तिकिटं ऐनवेळी उघडत नाहीत आणि खापर "तुमच्या रेल्वेच्या हट्टावर" फुटतं. सगळी तिकिटं कागदावर छापून घ्या.

खाण्याचं म्हणाल तर दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या थंडीत दोन दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, मेतकूट आणि अर्थातच शेव. पहिल्या दिवशी गाडीतलं जेवण मागवायची वेळच येत नाही.

ज्यांना रजाच नाही, त्यांना जाताना रेल्वे आणि येताना विमान असा पर्याय द्या. विमानाचा धूर निम्मा होतो. क्रम मात्र उलटा करू नका. जाताना उत्साह असतो, वेळ जातो. येताना सगळ्यांना घर दिसत असतं. फक्त श्रीनगरहून उड्डाण बर्फामुळे किंवा धुक्यामुळे रद्द होऊ शकतं, हे लेखी सांगा. रामबनजवळ दरड कोसळून जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडला, तरी बोगद्यांतून जाणारी रेल्वे सहसा चालू असते. त्यामुळे परतीची दुसरी वाट तीच धरावी.

आता मुक्काम. दोन रात्री गुलमर्ग, एक पहलगाम, एक सोनमर्ग, अशी पळापळ बंद करा. सलग पाच रात्री गुलमर्ग किंवा त्याच्या खालच्या तंगमर्गला ठेवा. इतक्या लांब जाण्यात झालेला धूर जास्त दिवसांत वाटला जातो, रोजचं शंभर किलोमीटरचं डिझेल वाचतं आणि ग्राहकही खूश राहतो. त्याचं कारण गंडोला, म्हणजे गुलमर्गचा दोन टप्प्यांचा रोपवे. वारा वाढला की दुसरा टप्पा, म्हणजे कोंगडोरीपासून अफरवटपर्यंतचा, बंद होतो. एकाच दिवसाचा कार्यक्रम असेल तर माणसं वर न जाताच परततात आणि वर्षभर तेच सांगत राहतात. पाच दिवस हाताशी असले की दुसऱ्या टप्प्याचं तिकीट सुरुवातीच्या दिवसाचं काढायचं, आणि हवा बिघडली तर पुढचा दिवस असतोच. तिकिटं ऑनलाइन आणि आधी काढावी लागतात. गर्दीच्या दिवसांत तिथे जाऊन मिळतील या भरवशावर राहू नका.

स्थानिक गाडीचा हिशेब सोपा आहे. लिटरभर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. श्रीनगर-गुलमर्ग जाऊन-येऊन शंभरेक किमी. बारा माणसांसाठी तीन मोटारी केल्या तर 30 लिटर, म्हणजे 80 किलो. एक टेम्पो ट्रॅव्हलर केली तर लिटरला आठ किमी धरूनही 12-13 लिटर, 34 किलो. बर्फ असेल तर ट्रॅव्हलर तंगमर्गलाच थांबते. वरचे 13 किमी चाकांना साखळ्या लावलेल्या स्थानिक गाड्यांतून जायचं. हा बदल टळत नाही, म्हणून तो आधी सांगा, भाडं पॅकेजमध्येच धरा आणि गरम कहव्याची सोय उतरतात तिथेच करा. भाड्याची घासाघीस पाहुण्यांसमोर नको.

इंजिन चालू ठेवून उभं राहणं ही वेगळी गळती. हीटरसाठी तीन तास गाडी घरघरत ठेवली तर तासाला साधारण लिटरभर डिझेल जातं. ड्रायव्हरला नुसतं "बंद करा" म्हणून चालत नाही, कारण बाहेर उणे पाच असतं आणि तोही माणूस आहे. त्याच्या बसण्याची, जेवणाची सोय हॉटेलच्या गरम खोलीत केली की इंजिन आपोआप बंद होतं. इंदूरहून स्वतःची डिझेल गाडी नेणाऱ्यांना वेगळी अडचण येते. मैदानातलं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं घट्ट होतं, फिल्टर तुंबतो आणि सकाळी गाडी सुरू होत नाही.

प्रवासानंतरचा मोठा वाटा खोली गरम ठेवण्याचा, आणि सर्वांत जास्त वाया जाणारी ऊर्जाही इथलीच. दोन हजार वॉटचा हीटर दहा तास चालला की 20 युनिट. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो धरला तर एका खोलीचे एका रात्रीत 14 किलो. आता दुसरी पद्धत. झोपण्यापूर्वी तीन तास हीटर, 6 युनिट. मग हीटर बंद आणि 80 वॉटची दोन इलेक्ट्रिक ब्लँकेट आठ तास, म्हणजे सव्वा युनिट. एकूण पाच किलोच्या आसपास, आणि झोप अधिक चांगली. कारण रात्रभर हीटरनं घसा कोरडा पडतो, नाक चोंदतं. ब्लँकेट गादीवर सपाट असावं, त्यावर चादर, आणि ते घडी करून वापरू नये, घडीत तारा तापतात. अंथरूण ओलं करणाऱ्या लहान मुलांना मात्र गरम पाण्याची पिशवी बरी.

हॉटेल ठरवताना खोलीच्या फोटोंपेक्षा तीन गोष्टी विचारा: खिडक्यांना दुहेरी काच आहे का, दाराखालच्या फटीतून वारा येतो का, आणि वीज गेल्यावर जनरेटर किती वेळ चालतो. जनरेटर अर्ध्याहून कमी भारावर चालला की लिटरमागे मिळणारी युनिट आणखी घटतात. म्हणून रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच गरम दालनात घ्यावं. त्या वेळी खोल्यांतले हीटर बंद. याला पाहुणे काटकसर समजत नाहीत. अंताक्षरी ठेवली तर वर आणखी एक तास बसतात.

बुखारीबद्दल, म्हणजे खोली तापवायच्या काश्मिरी शेगडीबद्दल, सक्त सूचना: बंद खोलीत बुखारी, सिगडी किंवा कांगडी (निखाऱ्यांची हातशेगडी) पेटती ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. न्हाणीघरातल्या गॅस गीझरचंही तेच. झरोका उघडा हवाच.

आंघोळीत इंदूरकर आधीच पुढे आहेत. दहा मिनिटांच्या शॉवरला 80 लिटर पाणी धरा. ते 5 अंशांवरून 40 वर न्यायला सव्वातीन युनिट लागतात. बादलीभर 18 लिटरला पाऊण युनिटही लागत नाही. तेव्हा हॉटेलला बादली-तांब्या ठेवायला सांगा, लोक आनंदानं वापरतात.

बर्फावरच्या खेळांत स्नो-बाइक सोडली तर पेट्रोल फारसं कुठे जळत नाही. तिच्या पाच मिनिटांच्या फेरीऐवजी अर्ध्या दिवसाचा स्कीचा वर्ग पॅकेजमध्ये घाला. गोल्फ मैदानाच्या सौम्य उतारावर नवखेही शिकतात. ज्येष्ठांसाठी माणसानं ओढायची स्लेज, दर आधी ठरवून. बुटांची मापं निघण्याआधीच कळवा. स्कीच्या बुटात टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, वळणच घेता येणार नाही. भाड्याचे गमबूट आतून ओलसर निघतात. माणशी लोकरीच्या मोज्यांच्या दोन जोड्या हव्यात. जड कोट घरून नेऊ नका, वंदे भारतमध्ये मोठ्या बॅगा ठेवायला जागा कमी.

तारखा ठरवताना चिल्ला-ए-कलानचे, म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस डोळे झाकून धरू नका. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्ग बराच काळ कोरडं होतं, आणि 2025 मध्ये तिथले खेलो इंडिया हिवाळी खेळ बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा आम्हाला त्यातल्या त्यात भरवशाचा वाटतो, धुकंही तोवर ओसरलेलं असतं. करारात लिहा: खाली बर्फ नसेल तर स्कीच्या वर्गाचे पैसे परत, आणि त्या दिवशी गंडोलानं कोंगडोरी.