पहिल्या दिवशीचे खोटे

लहानशा गावातून पंधरा-सोळा वर्षांची एखादी मुलगी किंवा मुलगा नाहीसा होतो आणि त्याचा शोध घेता घेता साऱ्या गावाचे पितळ उघडे पडते, या साच्याच्या थरारक कादंबऱ्या मी गेली कित्येक वर्षे वाचत आले आहे. साचा तोंडपाठ असूनही वाचते आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक शेवटच्या पन्नास पानांत फसतात हे ठाऊक असूनही वाचते. या चिकाटीचे कारण मला बऱ्याच उशिरा उमगले. अशा कादंबरीत गुन्हेगार कोण याची उत्सुकता मला पहिल्या शंभर पानांनंतर फारशी उरत नाही. माझे लक्ष असते ते शोध सुरू झाला त्या पहिल्या दिवशी कोण, कशासाठी खोटे बोलले याकडे.

पोलीस घरोघरी जबाब घेत फिरतात. त्या संध्याकाळी आपण घरीच होतो, असे एक प्रतिष्ठित गृहस्थ सांगतात. प्रत्यक्षात ते दुसऱ्याच कोणाच्या घरी होते. मुलगी दुकानात आलीच नव्हती, असे दुकानदार सांगतो, कारण ती आली होती हे कबूल केले, तर तो अल्पवयीन मुलांना दारू विकतो हेही कबूल करावे लागेल. जिवलग मैत्रीण मान हलवून ‘मला काही माहीत नाही’ म्हणते, कारण तिने शपथ घेतलेली असते आणि त्या वयात शपथ कायद्याहून मोठी असते. यांपैकी कोणाचाही त्या नाहीशा होण्याशी संबंध नसतो. तरीही तिघांची खोटी विधाने एकत्र आली की मुलीच्या शेवटच्या दुपारचे तीन तास कोरे पडतात, आणि शोधपथक नदीच्या नको त्या काठावर कुत्री घेऊन फिरत राहते. मोठ्या शहरात हे जमत नाही, कारण तिथे साक्षीदार एकमेकांचे कोणी लागत नाहीत. लहान गावात प्रत्येकाची झाकली मूठ शेजाऱ्याला ठाऊक असते आणि शेजाऱ्याची त्याला. अशा ठिकाणी गप्प राहणे हा एक प्रकारचा शेजारधर्म होऊन बसतो, आणि या शेजारधर्मानेच एका मुलीचा जीव जाऊ शकतो हे जी कादंबरी दाखवू शकते, तिला मी बाकीचे बरेच दोष माफ करते.

हरवलेली व्यक्ती किशोरवयीनच का असावी, यालाही कारण आहे. सहा वर्षांचे मूल दिसेनासे झाले तर सारे गाव त्याच रात्री बाहेर पडते. चाळीस वर्षांचा माणूस निघून गेला तर तो त्याचा प्रश्न. सोळाव्या वर्षी मात्र ‘घर सोडून गेली असेल, येईल दोन दिवसांत’ हे वाक्य कोणाच्याही तोंडी सहज येते, आणि लेखकाला हवा असलेला उशीर त्या एका वाक्यात मिळतो. हा उशीर केवळ कथानकाची सोय नव्हे. हरवल्याची तक्रार नोंदवण्यापूर्वी चोवीस तास थांबावे लागते ही चित्रपटांनी रूढ केलेली समजूत आहे; अमेरिकेत तर मुलांच्या बाबतीत पोलिसांनी असा प्रतीक्षाकाळ ठेवू नये, असा कायदाच 1990 साली झाला. पण त्याच देशात 1996 नंतर उभी राहिलेली ‘अँबर अलर्ट’ ही तातडीच्या सूचनेची व्यवस्था अपहरण झाले आहे असे मानायला पोलिसांकडे सबळ कारण असेल तेव्हा वापरायची असते. म्हणजे मुलगी स्वतःहून गेली असे एकदा ठरले, की तिच्या नावाने ती सूचना निघत नाही. आणि ती स्वतःहून गेली हे ठरते कशावरून? बहुतेक वेळा त्या पहिल्या दिवशीच्या जबाबांवरून. एवढी पकड ज्या वस्तुस्थितीतच आहे, तिच्यावर उभ्या राहिलेल्या कादंबरीला रात्रीच्या वादळाची किंवा तळघरातल्या आवाजांची गरज पडू नये, तरी अनेक लेखक ती सामग्री आणतातच.

या प्रकारातली अलीकडची सर्वाधिक चर्चित कादंबरी म्हणजे जोएल डिकेर या स्विस लेखकाची, 2012 मध्ये फ्रेंचमध्ये प्रकाशित झालेली ‘हॅरी केबर प्रकरणाचे सत्य’. न्यू हॅम्पशायरमधील ऑरोरा नावाच्या काल्पनिक गावातून 1975 च्या ऑगस्टमध्ये पंधरा वर्षांची नोला नाहीशी होते आणि तेहतीस वर्षांनी एका नामवंत लेखकाच्या बागेत तिचे अवशेष सापडतात. प्रकरणांचे आकडे एकतीसपासून उलटे येतात, दर काही पानांनी आधीचे सत्य खोटे ठरते, आणि जाडजूड असूनही पुस्तक हातातून सुटत नाही. गावातल्या खोट्यांची उतरंड डिकेरने फार कुशलतेने रचली आहे. माझे भांडण आहे ते नोलाच्या बाबतीत. तिशी ओलांडलेल्या पुरुषाचे पंधरा वर्षांच्या मुलीशी असलेले नाते पुस्तक बराच काळ उदात्त प्रेमकहाणीच्या सुरात सांगत राहते, आणि ज्या मुलीसाठी हा सारा खटाटोप चालला आहे ती स्वतः काय विचार करत होती, याचा पत्ता मात्र शेवटपर्यंत लागत नाही. सगळे गाव तिच्याविषयी बोलते, आणि तिचे स्वतःचे म्हणणे कुठेच उरत नाही. हा दोष या संपूर्ण प्रकारालाच चिकटलेला आहे, आणि मुलीची रोजनिशी तिरप्या अक्षरांत मधूनमधून छापल्याने तो जात नाही. (त्या रोजनिशा नेहमी तिशीतल्या हुशार लेखकाच्या भाषेत का असतात, हे मला आजवर कळलेले नाही.)

माझ्या मनात याहून खोल रुतलेली कादंबरी रूढ अर्थाने थरारक नाही. जॉन मॅकग्रेगर यांची ‘रेझर्व्हॉयर थर्टीन’ 2017 मध्ये आली. इंग्लंडमधील एका खेड्यात नववर्षाच्या सुट्टीसाठी आलेली तेरा वर्षांची मुलगी बेपत्ता होते. पाणबुडे, हेलिकॉप्टर, डोंगरावर ओळीने चालणारे गावकरी हे सारे पहिल्या काही पानांतच उरकते. पुढे तेरा प्रकरणे, प्रत्येकात एक वर्ष. कोल्ह्यांची पिल्ले जन्मतात, मेंढ्या वितात, लग्ने मोडतात, कोणाचे दुकान बंद पडते, आणि मध्येच एखाद्या परिच्छेदात कोणालातरी ती मुलगी दिसल्यासारखी वाटते. गावातल्या काही मुलांची तिच्याशी ओळख होती, सुरुवातीला त्यांनी सांगितली त्याहून जास्त. ती गोष्ट बाहेर यायला वर्षे लागतात, आणि आल्यावरही काही उलगडत नाही. वाचताना मला पहिल्यांदा राग आला होता. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी मी तिच्या नावाची वाट पाहत होते आणि लेखक मला पक्ष्यांच्या घरट्यांविषयी सांगत होता. आठव्या-नवव्या प्रकरणापर्यंत मात्र ती मुलगी माझ्याही लक्षातून अधूनमधून निसटू लागली. आपण त्या गावासारखेच विसरायला लागलो आहोत हे जाणवले, तेव्हा मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवले होते.

उत्तर द्यावे की देऊ नये, हा वाद जुनाच आहे. जोन लिंडसे यांच्या 1967 च्या ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’ या ऑस्ट्रेलियन कादंबरीत 1900 साली सहलीला गेलेल्या शाळकरी मुली खडकांमध्ये नाहीशा होतात. उलगडा करणारे शेवटचे प्रकरण छापण्यापूर्वीच वगळले गेले होते. लेखिकेच्या निधनानंतर, 1987 मध्ये, ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. ते वाचल्यावर ज्यांनी ते काढण्याचा सल्ला दिला त्यांच्याविषयी माझा आदर वाढला. तरीही अनुत्तरित शेवट हा आळशी लेखकाचा आसरा होऊ शकतो हे नाकारता येणार नाही, आणि तीन दिवसांची झोप खर्च करून वाचणाऱ्याला निदान खोटे कोण बोलले हे तरी कळायला हवे.

मोबाईलने मात्र या लेखकांची फार पंचाईत केली आहे. टॉवरच्या नोंदी, मिटवलेले संदेश आणि दुकानाबाहेरचा कॅमेरा असताना तीन कोरे तास आणायचे कुठून? म्हणून अर्ध्या कादंबऱ्या तीस-चाळीस वर्षे मागे जातात, आणि उरलेल्या नेटवर्क न मिळणाऱ्या दरीत घडतात.

सध्या हातात असलेल्या कादंबरीत मी एकशे दहाव्या पानावर आहे. मुलगा शुक्रवारपासून घरी आलेला नाही, सहा जबाब झाले आहेत, आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांचा संशय गावात नव्याने राहायला आलेल्या माणसावर आहे. त्याच्याकडे मी लक्षही दिलेले नाही. पेन्सिलने खूण केली आहे ती शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या वाक्याखाली: फाटक वाजल्याचा आवाज नऊला ऐकला, असे त्यांनी पोलिसांना सांगितले आहे, आणि चाळीस पाने आधी त्याच बाईंनी आपण आठ वाजताच झोपतो असे मुलाच्या आईला सांगितले होते.