पाळी गेल्यानंतरचा डाग

कळव्याच्या माझ्या ओपीडीत सासू-सून एकत्र आल्या. बसायच्या आधीच सासूबाईंनी माला-डी या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं. "मॅडम, या गोळ्यांनी कॅन्सर होतो. मोबाईलवर आलंय. हिला बंद करायला सांगा."

अफवा म्हणून मी हे उडवून लावत नाही, कारण त्यात तथ्य आहे. २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने अशा मिश्र हार्मोनच्या गोळ्या कर्करोगकारक ठरवल्या. गोळी चालू असताना स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. डेन्मार्कमधल्या १८ लाख बायकांच्या २०१७ च्या अभ्यासात, हार्मोनची साधनं वापरणाऱ्या साधारण ७,७०० जणींमागे वर्षाला एक केस जास्त निघाली. गोळी सोडल्यावर हा धोका हळूहळू ओसरतो. पाच वर्षांहून जास्त घेतली तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो, पण तिथे मूळ कारण एचपीव्ही विषाणू. म्हणून सुनेची पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, करायचं ठरलं.

"पण बीजांडकोशाचा आणि गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर गोळीने कमी होतो," मी म्हटलं. पाच वर्षांच्या गोळीने अस्तराचा धोका पाव भागाने उतरतो आणि गोळी सोडून तीस वर्षं झाली तरी हा फायदा दिसतो.

"अस्तर म्हणजे?"

मी कागदावर पिशवी काढली, आतली कड पेनाने गडद केली. पाळी गेल्यावर डाग दिसला की आम्ही आधी हेच तपासतो, असंही सांगितलं.

सून चटकन म्हणाली, "आई, तुम्हाला गणपतीत..."

सासूबाईंची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. वजन जास्त, शुगर जुनी. अधूनमधून डाग पडत होता. उष्णता समजून त्या सब्जा पीत होत्या, घरात कोणाला बोलल्या नव्हत्या. सुनेने कपडे धुताना पाहिलं होतं. सोनोग्राफीत अस्तर १४ मिलिमीटर निघालं. या वयात डाग असताना ४ च्या वर गेलं की तुकडा तपासायला पाठवतात. रिपोर्ट कॅन्सरचा आला, पण पहिल्या टप्प्यातला. ऑपरेशनने पिशवी आणि बीजांडकोश काढले, रेडिएशन लागलं नाही.

मला राग येतो तो याचा की गोळीच्या भीतीचे मेसेज घरोघरी पोचतात, आणि पाळी गेल्यावर एक थेंब दिसला तरी डॉक्टरकडे जा, हे कोणी कोणाला पाठवत नाही. असा डाग बहुतेक वेळा कॅन्सरचा नसतो. पण तपासल्याशिवाय ते कळणार कसं?

सुनेची पॅप नॉर्मल आली. बीपी पाहिलं, तंबाखू-मिश्रीचं विचारलं, आणि तिच्याच इच्छेने गोळी चालू ठेवली.