तुम्ही विचारलंत म्हणून: वीज कोळशाचीच ना?

"गाडी इलेक्ट्रिक घेतलीत खरी, पण वीज कोळशाचीच ना? इथला धूर तिकडे गेला, एवढंच." पुण्यात हे मला सतत ऐकावं लागतं. मी विदर्भातली, एका औष्णिक वीज केंद्राजवळ वाढलेली. त्यामुळे 'तिकडे' कोण राहतं ते मला ठाऊक आहे. आई दोरीवरचे कपडे आधी झटकायची, मगच घडी घालायची. तुळशीच्या पानावरून बोट फिरवलं की करडी राख लागायची.

म्हणून हा प्रश्न मी उडवून लावत नाही. आधी कार्बनचा हिशेब पाहू. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरला 15 किलोमीटर धरले तर किलोमीटरमागे 150 ग्रॅमच्या वर. देशात विजेच्या एका युनिटमागे सरासरी 700 ग्रॅमच्या आसपास पडतो, आणि युनिटला सहा किलोमीटर धरले तर 120 ग्रॅमच्या आत. बॅटरी बनवताना जास्तीचा कार्बन खर्ची पडतो, तो गाडी भरपूर चालली तरच वसूल होतो. महिन्यातून दोनदा बाहेर निघणारी गाडी त्यासाठी बदलण्यात अर्थ नाही.

राखेचा हिशेब मात्र वेगळा आहे. पुण्यातल्या सिग्नलला उभ्या पोराच्या नाकात कमी धूर जातो हे खरं, पण माझ्या माहेरच्यांच्या वाट्याची राख माझ्या गाडीने कमी होत नाही. ती कमी व्हायची तर चिमणीवर धूर शुद्ध करणारी यंत्रणा बसली पाहिजे आणि ग्रीडमध्ये सौर-पवन वाढलं पाहिजे. पेट्रोलची गाडी जुनी होत जाते तशी जास्तच धूर ओकते. माझी गाडी मात्र वीज सुधारेल तशी आपोआप सुधारेल. जमेल तेव्हा मी दुपारी चार्जिंगला लावते, कारण सौरवीज तेव्हाच भरपूर असते.

कंपन्यांवरून चाललेल्या भांडणाने मात्र मी वैतागते. टाटा की महिंद्रा, आणि जुलै 2025 मध्ये टेस्लाने मुंबईत बीकेसीला शोरूम उघडल्यापासून तिसरा पक्ष. आवडत्या क्रिकेटपटूसाठी भांडावं तसं लोक कंपनीसाठी भांडतात. आपण गिऱ्हाईक आहोत. बॅटरीच्या वॉरंटीत काय बसत नाही, तुमच्या गावात हाय-व्होल्टेजचं काम शिकलेला मेकॅनिक आहे का, बॅटरीतले सेल एलएफपीचे (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) की एनएमसीचे (निकेल-मँगनीज-कोबाल्ट), हे विचारा. एलएफपीत कोबाल्ट नसतो. एनएमसीत असतो, आणि जगातला बहुतेक कोबाल्ट काँगोतून येतो. तिथल्या खाणींत लहान मुलंही राबतात. 'तिकडे' म्हणताना हेही मोजायला हवं.

घ्यावी का म्हणाल, तर रोजची ये-जा असेल आणि पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरचा चार्जिंग पॉइंट मिळत असेल तर जरूर घ्या. पॉइंटला सोसायटी अडवत असेल तर आधी ती परवानगी लेखी मिळवा, बुकिंग नंतर.